सिएटलचे पंधरा डॉलर आणि मुलांच्या वाट्याचे तास

२ जून २०१४ रोजी अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या सिटी कौन्सिलने ताशी १५ डॉलर किमान वेतनाचा कायदा ९ विरुद्ध ० मतांनी मंजूर केला. त्या नऊ जणांत क्षमा सावंत होत्या. जन्म पुण्यातला, बालपण मुंबईतलं, पुढे अमेरिकेत अर्थशास्त्रात पीएचडी आणि २०१३ च्या निवडणुकीत 'पंधरा डॉलर' हीच मुख्य घोषणा. मराठी वाचकांचं या प्रकरणाकडे लक्ष गेलं ते बहुधा त्यांच्या नावामुळे. पण सावंत एकट्या नव्हत्या. शेजारच्या सीटॅक या विमानतळाच्या गावात नोव्हेंबर २०१३ मध्येच मतदारांनी पंधरा डॉलरला कौल दिला होता, तोही अवघ्या ७७ मतांच्या फरकाने. सिएटलचे महापौर एड मरी यांनी कामगार संघटना आणि हॉटेलमालक यांना एका समितीत बसवून पायरीपायरीने वाढ देणारा तोडगा काढला.

त्यानंतर दोन-तीन वर्षं भांडण एकाच मुद्द्यावर चाललं: नोकऱ्या जातील की नाही. हॉटेलं बंद पडतील का, खाणं महागेल का, मालक यंत्रं आणतील का. मला या प्रकरणात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. या वेतनावर काम करणाऱ्यांत मुलं असलेली माणसं बरीच असतात. कॅश काउंटरवर, भटारखान्यात, हॉटेलच्या खोल्या झाडायला, वृद्धाश्रमात. त्यांचा ताशी दर वाढला की मुलांच्या वाट्याला आई-बाप जास्त येतात की कमी? सिएटलने हा प्रश्न विचारला नव्हता. तरी त्याचं बरंचसं उत्तर याच शहरात दोन हप्त्यांत मिळालं, पहिला हप्ता २०१५-१६ चा आणि दुसरा २०१७ चा.

पुस्तकातलं उत्तर सोपं आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये वेळेच्या वाटपाचा सिद्धांत मांडला, तेव्हापासून अर्थशास्त्री घरातल्या वेळेलाही किंमत लावतात. तासाचा भाव वाढला की घरी बसणं महाग पडतं, म्हणून माणूस जास्त काम करील. आणि तासाचा भाव वाढला की तेवढेच पैसे कमी तासांत मिळतात, म्हणून माणूस कमी काम करून घरी येईल. दोन ओढी उलट दिशेच्या. कुठली भारी पडते ते आकडेवारीने ठरवायचं.

घोडं पेंड खातं ते इथेच. दोन्ही ओढींमागे एक गृहीत आहे, की किती तास काम करायचं हे कामगार ठरवतो. किमान वेतनाच्या नोकरीत तसं नसतं. तास मॅनेजर ठरवतो, आणि मॅनेजरला ते ठरवून देतं विक्रीचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर. पुढच्या आठवड्यात ३४ तास की २२, मंगळवारी सकाळ की शुक्रवारी रात्र, हे भिंतीवरचा कागद किंवा फोनवरचा मेसेज सांगतो. आईला घरी लवकर यायचं आहे की चार तास जास्त करायचे आहेत, हे त्या कागदाला ठाऊक नसतं.

वाढीचं वेळापत्रक असं होतं. त्या आधी वॉशिंग्टन राज्याचं (सिएटल याच राज्यात आहे) किमान वेतन ताशी ९.४७ डॉलर होतं. संघराज्याचं तर २००९ पासून ७.२५ वर अडकलेलं. १ एप्रिल २०१५ ला सिएटलमधल्या मोठ्या, म्हणजे ५०० हून जास्त कर्मचाऱ्यांच्या मालकांसाठी दर ११ डॉलर झाला, १ जानेवारी २०१६ ला १३ आणि १ जानेवारी २०१७ ला १५. आरोग्य विमा देणाऱ्यांना थोडी सूट होती आणि लहान मालकांना २०२१ पर्यंतची मुदत. टिप आणि विमा धरून मोजण्याचे बारकावेही होते; त्यात शिरत नाही.

जून २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाचा अहवाल आला आणि गदारोळ उठला. या राज्याची एक सोय अशी, की बेरोजगारी विम्याच्या नोंदीत मालकांना नुसता पगार नाही तर कामाचे तासही कळवावे लागतात. बहुतेक राज्यांत तास नोंदलेच जात नाहीत. त्या नोंदींवरून गटाने काढलेला निष्कर्ष असा: दर १३ डॉलरच्या पायरीवर गेल्यावर ताशी १९ डॉलरच्या आतल्या नोकऱ्यांत सरासरी दर सुमारे ३ टक्क्यांनी वाढला, पण तास सुमारे ९ टक्क्यांनी घटले आणि अशा नोकरीतलं सरासरी उत्पन्न महिन्याला १२५ डॉलरने उतरलं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या गटाने नुसत्या खाद्यव्यवसायाकडे बघून सांगितलं की तिथे पगार वाढले आणि रोजगारावर म्हणण्यासारखा परिणाम नाही. दोन्ही बाजूंना हवा तो अहवाल मिळाला.

विद्यापीठाच्या गटाने नंतर मत सौम्य केलं. काही नोकऱ्या १९ डॉलरच्या वर सरकल्यामुळे गणतीतून निसटल्या, म्हणजे घट जरा फुगलेली दिसते, असं टीकाकारांचं म्हणणं होतं. २०१८ मध्ये त्यांनी एकेका कामगाराचा मागोवा घेतला तेव्हा चित्र जास्त कामाचं निघालं. आधीपासून नोकरीत असलेल्यांची नोकरी गेली नाही. तास थोडे घटले आणि तरी करापूर्वीची कमाई सरासरी आठवड्याला १० डॉलरने वाढली. नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण ८ टक्क्यांनी कमी झालं. पण जवळजवळ सगळा फायदा अनुभवी अर्ध्या गटाला गेला. नव्या माणसांना आत घेण्याचं प्रमाणही घटलं.

आता हेच आकडे घरातून बघू. वर्तमानपत्रांनी तासांतली घट हे निव्वळ नुकसान म्हणून छापलं, जणू कामावर न गेलेला प्रत्येक तास हवेत विरतो. ज्याच्या घरी चार वर्षांचं मूल आहे त्याचा तो तास कुठेतरी जातोच. प्रश्न असा, की कुठे.

एक काल्पनिक आई घेऊ. आठवड्याला ३५ तास काम, ९.४७ च्या दराने ३३१ डॉलर ४५ सेंट. दर १३ झाला आणि मॅनेजरने तास ३२ केले, तर हाती ४१६ डॉलर. पंच्याऐंशी डॉलरच्या आसपास जास्त, आणि वर तीन तास मोकळे. हिच्यासाठी तासांची घट ही शिक्षा नाही. तास २५ वर आणले तर मात्र ३२५, म्हणजे आधीपेक्षा सहा डॉलर कमी. काट्यावरची रेघ साडेपंचवीस तासांच्या जवळ येते. रेघेच्या वरच्या बाईला पैसा आणि वेळ दोन्ही मिळाले. खालच्या बाईला वेळ मिळाला आणि भाड्याला पैसे कमी पडले, आणि मग ती दुसरी अर्धवेळ नोकरी बघते. सरासरीत दोघी एकाच रकान्यात बसतात.

२०१८ च्या अभ्यासातला एक तपशील इथे फार बोलका आहे. अनुभवी कामगारांच्या कमाईतल्या वाढीचा सुमारे चौथा हिस्सा सिएटलच्या हद्दीबाहेर तास भरून काढल्यामुळे आला होता. शहरात तास कापले गेले म्हणून माणूस शहराबाहेर जाऊन काम करून आला. पगाराच्या नोंदीत हे छान दिसतं. त्यासाठी बसमध्ये गेलेला वेळ पगाराच्या नोंदीत नसतो. तो घरच्या खात्यातून जातो.

आणि 'अनुभवी' कोण? मुलाच्या जन्मानंतर दोन-तीन वर्षं घरी राहून परत आलेली बाई या हिशेबात बहुधा नवखीच ठरते. तास कापताना तिचा नंबर आधी, नव्या भरतीत दार तिच्यासाठीच जास्त अरुंद. हे माझं वाचन आहे, पण लहान मुलांच्या आया नेमक्या कुठल्या अर्ध्या गटात जास्त सापडतील याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही.

बरं, तीन तास मोकळे झालेल्या त्या पहिल्या बाईचे ते तीन तास मुलापर्यंत पोचले का? ते आठवड्यात कुठे पडले त्यावर अवलंबून. चार दिवस रात्रीची पाळी नऊऐवजी सव्वाआठला सुटली, तर मुलाला झोपवायला आई घरी असते. त्याऐवजी मंगळवारची अकरा ते दोनची छोटी पाळी रद्द झाली, तर मूल तेव्हा शाळेत आहे. आईला विश्रांती मिळाली, कपडे धुऊन झाले. वाईट काहीच नाही, पण मुलाच्या वाट्याला मिनिटही आलं नाही. त्यातच २०१६ पासून सिएटलच्या सरकारी शाळांनी वेळा बदलल्या: मोठ्या मुलांची हायस्कुलं पावणेनऊला भरू लागली आणि बहुतेक प्राथमिक शाळा आठच्या सुमारास भरून दुपारीच सुटू लागल्या. दुकानांची आणि खानावळींची गर्दी मात्र संध्याकाळचीच. पाळी दुपारी तीनला सुरू होते तेव्हा मूल घरी येत असतं.

अमेरिकेत २००३ पासून वेळेच्या वापराची राष्ट्रीय पाहणी होते. घरातल्या एका माणसाला कालचा दिवस पहाटे चार ते पहाटे चार असा तासामिनिटांनी सांगायला लावतात. त्यात मुलांच्या काळजीचे दोन प्रकार धरतात. एक, हातातलं काम तेच: भरवणं, आंघोळ, वाचून दाखवणं, शाळेत सोडणं. दुसरा, हातात वेगळं काम पण तेरा वर्षांखालचं मूल आपल्या नजरेखाली. स्वयंपाक करता करता अभ्यास घेणं या दुसऱ्या रकान्यात जातं. मला हा दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा वाटतो. वेतनवाढीचा परिणाम शोधणारे बहुतेकदा पहिल्यात मिनिटं वाढली का ते बघतात, आणि ती फारशी हलत नाहीत, कारण दमलेले आई-बापसुद्धा मुलाला भरवायचं टाळत नाहीत. आधी कापला जातो तो नजरेखालचा वेळ. मुलाला शेजारी सोडणं, थोरल्या बहिणीवर धाकट्याला सोपवणं, एक तास कुलूप लावून जाणं.

या शेवटच्या गोष्टीचा एक पुरावा आहे. २०१७ मध्ये केरी रेसियन आणि लिंडसी बुलिंजर यांनी अमेरिकेतल्या राज्यांची आकडेवारी घेऊन दाखवलं की किमान वेतन एका डॉलरने वाढलं की मुलांकडे दुर्लक्ष झाल्याच्या तक्रारी ९.६ टक्क्यांनी घटतात, आणि घट मुख्यतः बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बाबतीत दिसते. अमेरिकी बालसंरक्षण कायद्यात दुर्लक्ष म्हणजे पुरेसं अन्न-कपडे नसणं, डॉक्टरकडे न नेणं, सांभाळायला कोणी नसताना एकटं ठेवणं. यातलं बरंच पैशाने सुटतं. तास न वाढतासुद्धा पैसा मुलाला सोबत देतो, ती अशी: जिथे कुलूप लागत होतं तिथे चार तासांसाठी कोणीतरी पैसे देऊन ठेवता येतं.

पण त्या कोणीतरीचं वेतनही तोच कायदा वाढवतो. पाळणाघरातल्या बायका स्वतः कमी पगाराच्या. आणि तिथे यंत्र आणून माणसं कमी करता येत नाहीत, कारण नियम आडवा येतो: वॉशिंग्टन राज्यात तान्ह्या मुलांसाठी चार बाळांमागे एक मोठं माणूस लागतं, शाळापूर्व वयात दहा मुलांमागे एक. नुसतं गणित करून बघू. पाळणाघरातल्या बाईचा दर ९.४७ वरून १३ झाला, म्हणजे ताशी ३.५३ डॉलर वाढ. चार बाळांत वाटली तर प्रत्येकी ८८ सेंट. बाळ आठवड्याला ४५ तास तिथे असेल तर आईला आठवड्याला ४० डॉलरचा बोजा, सगळी वाढ फीमध्ये आली असं धरून. ३५ तास टिकले असते तर आईची स्वतःची वाढ १२३ डॉलर. त्यातला तिसरा हिस्सा गेला. तास ३२ झाले असतील तर ८५ मधले ४०, जवळजवळ अर्धे. तेच मूल चार वर्षांचं असेल तर बोजा १६ डॉलर. एकाच कायद्याचा परिणाम मुलाच्या वयाप्रमाणे इतका बदलतो, आणि तान्ह्या बाळाच्या आईला तो सगळ्यात कमी पावतो. पाळणाघरातल्या बाईचा पगार वाढू नये असं यातून कोणी काढू नये. तिलाही मुलं असतात.

सरकारी मदतीचीही एक गाठ आहे. राज्याची पाळणाघर-अनुदान योजना पालकाचे कामाचे तास बघून सांभाळाचे तास मंजूर करते आणि उत्पन्न बघून पालकाचा हिस्सा ठरवते. २०१६ च्या सुमारास दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्या वर गेलं की माणूस योजनेबाहेर. म्हणजे दर वाढला म्हणून हिस्सा वाढतो, तास घटले म्हणून मंजूर सांभाळ घटतो, आणि हे दोन्ही एकाच घरात घडू शकतं. या ताणाला शहराने दिलेला खरा उतारा वेतनकायद्यात नव्हताच. नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांनी ५ कोटी ८० लाख डॉलरचा चार वर्षांचा कर मंजूर करून शहराचा बालवाडी कार्यक्रम उभा केला, कमी उत्पन्नाच्या घरांना तो मोफत होता.

२०१६ उजाडेपर्यंत कामगार संघटनांच्या बोलण्यात एक नवीन शब्द फिरू लागला होता, 'क्लोपनिंग'. रात्री अकराला दुकान बंद करणाऱ्यानेच सकाळी सहाला उघडायचं. दर कितीही वाढवा, अशा रात्रीनंतरच्या सकाळी मुलाला शाळेसाठी उठवायला घरात कोणी नसतं. शिवाय ऑन-कॉल पाळ्या: काम नसेल तर पैसे नाहीत, असेल तर दोन तासांत हजर. पाळणाघर अशा बोलीवर चालत नाही, ते महिन्याचे पैसे घेतं, मूल येवो न येवो.

१९ सप्टेंबर २०१६ रोजी कौन्सिलने दुसरा कायदा केला, तोही एकमताने, आणि १ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. पाळ्यांचं वेळापत्रक १४ दिवस आधी लावायचं. नंतर मालकाने तास वाढवले तर तासाभराचा जादा पगार. कापले तर न झालेल्या तासांचा अर्धा पगार. बंद करणं आणि उघडणं यात १० तासांचं अंतर. कामगार त्याआधी यायला कबूल झाला तर तेवढ्या तासांना दीडपट. नवीन माणूस घेण्याआधी जादा तास आहे त्या माणसांना विचारायचे. आणि एक कलम जे बातम्यांत फारसं आलं नाही: मुलाची देखभाल, शिक्षण, गंभीर आजारपण अशा कारणाने कामगाराने पाळीत बदल मागितला, तर धंद्याचं खरंखुरं कारण असल्याशिवाय मालकाला नाही म्हणता येत नाही. वेतनकायद्यात तासाची किंमत होती. इथे पहिल्यांदा कुठला तास, हे कामगाराला बोलता आलं.

या कायद्याचा अभ्यास क्रिस्टन हार्कनेट, डॅनियल श्नायडर आणि व्हेरोनिक अर्विन यांनी केला. कामगारांपर्यंत ते फेसबुकवरच्या जाहिरातींतून पोचले, मालकांमार्फत नाही, आणि सिएटलच्या कामगारांची तुलना इतर शहरांतल्यांशी केली. २०२१ मध्ये छापून आलेले निष्कर्ष असे: पाळ्या आधी कळण्याचं प्रमाण वाढलं, झोप सुधारली, माणसं जास्त समाधानी झाली, आणि घरातली आर्थिक ओढाताणही कमी झाली. दराला हात न लावता ओढाताण कमी झाली, हे मी दोनदा वाचलं. तेवढंच उत्पन्न, पण कुठल्या आठवड्यात किती येणार हे ठाऊक असलं की भाडं थकत नाही.

कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल या छोट्या शहरात असाच कायदा त्याच तारखेला लागू झाला. तिथे एलिझाबेथ अनानत आणि ॲना गॅसमन-पाइन्स यांनी लहान मुलांच्या पालकांना रोज फोनवर मेसेज करून आजचा दिवस कसा गेला ते विचारलं. आयत्या वेळचे बदल घटले, एकूण तास घटले नाहीत, पालकांची झोप आणि मनःस्थिती सुधारली. तासांची संख्या तीच. बदलला तो फक्त त्यांचा अंदाज.

एक गंमत नोंदवून ठेवतो. विद्यापीठाच्या वेतन-अभ्यासात अनेक शाखांच्या कंपन्या, म्हणजे साखळी दुकानं आणि साखळी हॉटेलं, गाळली गेली होती, कारण नोंदीवरून कुठली शाखा शहरात आणि कुठली बाहेर हे कळत नव्हतं. वेळापत्रकाचा अभ्यास झाला तो मात्र फक्त साखळ्यांचा, कारण दुसरा कायदा त्यांनाच लागू होता. म्हणजे वेतनाने काय केलं ते आपल्याला लहान मालकांकडून कळलं आणि वेळापत्रकाने काय केलं ते मोठ्यांकडून.

साखळ्या आणि लहान मालक यांच्यातली ही फट वेळापत्रकाच्या बाबतीत अजून तशीच आहे. १ जानेवारी २०२५ पासून सिएटलमध्ये वेतनातला लहान-मोठा भेद संपला. टिप आणि विम्याची सूट गेली आणि सगळ्यांना एकच दर झाला, २०२५ साली तो ताशी २०.७६ डॉलर होता. १४ दिवसांच्या वेळापत्रकाचा हक्क मात्र आजही जगभरात मिळून ५०० वा जास्त कर्मचारी असलेल्या किरकोळ आणि खाद्य साखळ्यांपुरताच. टेबलावर वाढणाऱ्या हॉटेलांना तर वर ४० शाखांची अट. तीस माणसांच्या खानावळीत काम करणाऱ्या आईला साखळीतल्या आईइतकाच दर मिळतो. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी ती कुठे असेल, हे तिला बहुधा बुधवारी कळतं.